कुंचीतला थोरला

१

मूल रडतं म्हणून बाप वैतागतो, यात नवल ते काय? वाशीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये श्यामसुंदरही वैतागायचा. मग वैतागल्याची लाज वाटायची, आणि पुन्हा पोराला खांद्यावर टाकून फेऱ्या सुरू. हॉलमधून स्वयंपाकघर, स्वयंपाकघरातून बाल्कनी. बाल्कनीतून दिसायचं काय, तर आखून ठेवलेले मोकळे प्लॉट, कमरेएवढं गवत, आणि लांब खाडीपुलावरून मुंबईकडे जाणारी बस. त्या बसमध्ये त्याची बायको नंदिनी बसलेली असायची.

नंदिनी टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. बाळंतपणाची रजा संपली तशी कामावर रुजू झाली. तिची आई साताऱ्याहून आलेली, तीही घरी आजारपण निघालं म्हणून परतली. राहिला कोण? श्यामसुंदर. रबाळ्याच्या एका केमिकल कारखान्यात तो ऑपरेटर होता. साहेबाच्या मिनतवाऱ्या करून त्याने कायमची दुपारची पाळी मागून घेतली. सकाळभर पोर बापाकडे. दुपारी जुहूगावातून दमयंतीबाई यायची, ती बाळाला तेल लावून न्हाऊ घालायची आणि नंदिनी येईपर्यंत थांबायची. त्र्याऐंशी साल होतं. लंगोट धुणारा बाप तेव्हा बघायला मिळत नसे. कारखान्यात मंडळी विचारायची, "काय श्यामराव, पाजून आलात का?" तो हसायचा. दुसरं काय करणार?

आता त्या वरवंट्याचं सांगायला हवं.

बारशाच्या सकाळी सासूबाईंनी वरवंटा मागितला. घरात वरवंटा नव्हता. नवा संसार, नवा फ्लॅट, ओट्यावर मिक्सर.

"मग मिक्सरला कुंची घालू का, जावईबापू?" सासूबाई म्हणाल्या. "आणा जा कुठूनतरी."

तो तुर्भ्याच्या रस्त्यावरच्या पाथरवटाकडून एक वरवंटा घेऊन आला. काळा, नवा, मसाल्याचा वासही न लागलेला. सासूबाईंनी त्याला न्हाऊ घातलं, कुंकू लावलं, जरीच्या काठाची कुंची बांधली आणि आधी त्याला पाळण्यात निजवलं. "हा थोरला," त्या म्हणाल्या. "आधी थोरला निजतो, मग धाकटा." बायका गाणं म्हणाल्या, वरवंटा पाळण्याखालून या हातातून त्या हातात गेला, मग बाळ गेलं. आत्याने बाळाच्या कानात कुर्रर्र केलं आणि नाव ठेवलं, मंदार.

बारसं झालं, पेढे संपले, पाहुणे गेले. वरवंट्याची कुंची काढायची मात्र कुणाला सुचलं नाही. तो तसाच पाळण्याच्या पायाशी, कोपऱ्यात भिंतीला टेकून उभा राहिला. लंगोट वाळत घालताना श्यामसुंदर त्याला गमतीने म्हणायचा, "काय थोरले, बरंय ना?"

२

मार्गशीर्षातली ती सकाळ. पोर पहाटेपासून रडत होतं. पोटात वारा धरला असेल म्हणून हिंग लावून झाला, ओव्याने शेकून झालं, गुटी चाटवून झाली. बाटली तोंडाला लावली की पोर मान फिरवायचं. नंदिनी कामावर गेली तीही डोळे पुसतच.

मग दार लागलं आणि घरात दोघंच राहिले. रडणं थांबेना. श्यामसुंदरने खांदा बदलला, खोली बदलली, खुळखुळा वाजवला, रेडिओ लावला. कितीतरी दिवसांत त्याची सलग झोप झाली नव्हती. डोक्यात कुणीतरी खिळा ठोकत बसल्यासारखं झालं होतं. आणि एका क्षणी त्याचा हात वर गेला. चार महिन्यांच्या पोरावर! हात तसाच हवेत राहिला. अरे बापरे, आपण हे काय करत होतो!

त्याने स्वयंपाकघरात गोधडी पसरली, पोराला तिच्यावर ठेवलं, दोन्ही बाजूंनी उशा लावल्या आणि बाहेर येऊन दाराला कडी घातली. पोराला कोंडलं असं तुम्ही म्हणाल. त्याच्या मनाने तो पोराला स्वतःपासून वाचवत होता. थोडा वेळ, म्हणाला, थोडाच वेळ.

तो हॉलमध्ये पाळण्याशी बसला. दाराआड रडणं चालूच होतं. हाताला सवय लागलेली; हात आपसूक दोरीवर गेला आणि रिकामा पाळणा करकरत हलला. रिकामा पाळणा हलवू नये, हे सासूबाईंनी दहादा बजावलं होतं, आणि तेवढ्या थकव्यातही ते त्याला आठवलं. पाळणा तर हलवायचा होता. त्याशिवाय दुसरं काही हातांना सुचत नव्हतं. मग त्याने काय केलं? कोपऱ्यातला थोरला उचलला, पाळण्यात ठेवला आणि दोरी ओढली.

पाळणा भरलेला झाला. कसा छान, जड, एका लयीत हलायला लागला. करकर... करकर. दाराआडचं रडणं त्या आवाजाखाली गेलं. श्यामसुंदर अंगाई म्हणू लागला. रोजची होती, नाव घालून म्हणायची. झोप रे मंदार, झोप. कुंचीच्या काठाची जर उन्हात चमकत होती.

"किती शहाणा माझा बाळ," तो दगडाला म्हणाला. "रडत नाही की काही नाही. तूच बरा."

आणि हे तो गंमत म्हणून बोलला नाही. मनापासून बोलला.

३

"दादा! ओ दादा! दार उघडा ना. कवाची हाका मारतेय."

दमयंतीबाईच्या हाकेने तो धडपडून उठला. दोरी अजून हातात होती. ऊन पार दुसऱ्या भिंतीवर सरकलेलं. घरात चिडीचूप.

पहिलं मनात आलं ते पोराचं नव्हे, हेही खरंच सांगायला हवं. पहिलं मनात आलं की दमयंतीबाई आत येणार, पाळण्यात वरवंटा बघणार, पोर कडीबंद बघणार, आणि संध्याकाळी नंदिनीला सगळं कळणार. त्याने दोन्ही हातांनी कुंचीतलं ते गाठोडं उचललं. वरवंट्याच्या वजनाचा अंदाज धरून जोर लावला होता, तो वाया गेला. गाठोडं भसकन वर आलं. कुंची पुढे घसरून तोंडाशी आली होती. खालचा काठ ओला लागला. हातालाच घाम आलाय, त्याला वाटलं. बोळात, न्हाणीघराच्या वर, लाकडी दारांचा माळा होता. स्टुलावर चढून त्याने गाठोडं सुटकेसच्या मागे ढकललं आणि माळ्याची दारं लावली.

मग त्याने स्वयंपाकघराची कडी काढली.

मंदार गोधडीवर उताणा पडून त्याच्याकडे बघत होता. गप्प. डोळे कोरडे, लंगोट कोरडा. उशा होत्या तशाच. श्यामसुंदरने त्याला छातीशी घेतलं आणि तो रडला, मोठ्याने नाही, पण रडला. "चुकलं रे माझं," म्हणाला. पोर हुं की चूं करेना.

"आज शाना झाला वाटतं," दमयंतीबाई आत येत म्हणाली. तिने हात पुढे केले, बाळाला घेतलं आणि कमरेत वाकली. "आई गं! काय जड लागतोय पोऱ्या! दादा, काय खाऊ घातलाव?"

४

त्यानंतर मंदार कधी रडला नाही.

भूक लागली की तोंड उघडून वाट बघायचा. दूध संपेपर्यंत दम न घेता प्यायचा. नंदिनी तर हरखून गेली. "अहो, रात्रभर झोपला!" असं ती रोज सांगायची, जणू रोज पहिल्यांदा घडतंय. तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली, चेहऱ्यावर पुन्हा तेज आलं. दमयंतीबाई गावभर सांगत सुटली, "आमच्या गावान असा पोऱ्या नाय. पानी डोल्यात गेला तरी डोला मिटत नाय." शेजारचे रावसाहेब, बेलापूरच्या कचेरीतून निवृत्त झालेले, जिन्यात भेटले की विचारायचे, "काय हो, बाळ आहे ना घरात? आवाजच नाही!"

चांगलंच होतं सगळं. श्यामसुंदरलाच काय ते बारीकसारीक खुपायचं.

न्हाऊ घातल्यावर पोर गार पडायचं आणि कितीही पांघरूण घातलं तरी गारच राहायचं. बाल्कनीतल्या उन्हात ठेवलं की तापायचं, आणि मग संध्याकाळी दिवेलागणीला, वारा सुटल्यावरही, त्याच्या पाठीची ऊब गेलेली नसायची. लस टोचायला नेलं तेव्हा नर्सने सुई काढून उजेडात धरली. "वाकली की हो," ती म्हणाली, आणि दुसरी घेतली. दुसऱ्या सुईलाही मंदारने तोंड वाकडं केलं नाही. "शूर आहे हं तुमचा मुलगा," नर्स म्हणाली. वजनाच्या काट्याकडे बघून डॉक्टरही खूश.

प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं. काही मुलं अंगाने थंड असतात. सरकारी सुया बोथट असतात. काही मुलं मुळातच शांत; त्याचा स्वतःचा बाप म्हणे तसाच होता. श्यामसुंदर विज्ञान शिकलेला माणूस, रिॲक्टरवरचं तापमान बघून बॅच चढवणारा-उतरवणारा. ही उत्तरं त्याने स्वतःला दिली आणि पटवून घेतली.

मग एका सकाळी बाटली उकळत ठेवताना त्याला रडणं ऐकू आलं.

मंदार समोरच होता, गोधडीवर, डोळे उघडे, तोंड मिटलेलं. रडणं बारीक, घोगरं, पुष्कळ रडून झाल्यावर उरतं तसं. आणि ओळखीचं. बापाला आपल्या पोराचं रडणं ओळखता येतं. चार महिने त्याने दुसरं काही ऐकलं नव्हतं.

तो बाहेर गेला आणि रावसाहेबांची बेल वाजवली. "तुमच्याकडे कुणी पाहुणे आलेत का? लहान मूल घेऊन?"

"आमच्याकडे? छे हो." रावसाहेबांनी कान दिला. दोघंही दारात उभे राहिले. "मला तर काहीच ऐकू येत नाही. झोप घ्या जरा श्यामराव. तब्येत उतरलीय तुमची."

श्यामसुंदरला मात्र उघड्या दारातून, बोळाच्या दिशेने, सगळं स्वच्छ ऐकू येत होतं.

५

दुसऱ्या कुणालाच ऐकू येत नाही, म्हणजे आपल्या डोक्यातच आहे. हा हिशेब त्याला बरा वाटला. त्या दिवशी आपण पोराला कोंडलं, ते मनाला लागलंय, म्हणून कान वाजतात. पाप केलं की असंच व्हायचं. तो सकाळी रेडिओ मोठा करून ठेवू लागला. बातम्या, भावगीतं, शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम, काय वाट्टेल ते. गाणं संपून निवेदक बोलायच्या आधी जेवढी फट पडते, तेवढ्यात ते ऐकू यायचं.

एकदा तो स्टूल घेऊन बोळात गेला. बघून टाकू म्हणाला. वरवंटा असणार, दुसरं काय असणार? बघितलं की मनातलं जाईल. स्टुलावर चढला, माळ्याच्या दाराला हात लावला, आणि आतलं रडणं थांबलं.

आपोआप थांबलं असतं तर तो घाबरला नसता. ते हुंदका अर्ध्यावर गिळून थांबलं. पोराला बापाची चाहूल लागली, आता घेतील म्हणून वाट बघत गप्प झालं, तसं.

श्यामसुंदर खाली उतरला. मागे वळला तर मंदार बोळाच्या तोंडाशी बसलेला. नुकताच रांगू लागला होता. रांगताना आवाज व्हायचा, फरशीवरून पाटा सरकवावा तसा, पण आज झाला नव्हता. त्याने वर माळ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बापाकडे पाहून तो हसला, दोन्ही हात वर केले.

श्यामसुंदरने त्याला उचललं. पाठीत कळ आली. पोराने गार गाल त्याच्या मानेशी लावला आणि तसाच राहिला. आता हेही खरं सांगतो, की श्यामसुंदरचा त्याच्यावर जीव जडला होता. पाळीवर जाताना हा दारापर्यंत यायचा. परत आल्यावर झोपेतून उठून बघायचा. याचं काय चुकलं? याने कधी काही त्रास दिला होता का? आणि मग वरून ते पुन्हा सुरू व्हायचं, आणि श्यामसुंदरला असं वाटायचं की आपल्याला कुणीतरी भर चौकात उभं करून जोड्याने मारावं.

एका रविवारी तिघं खाडीकाठी फिरायला गेले. ओहोटी होती, चिखलात बगळे उतरले होते. आज नंदिनीला सांगायचं, असं त्याने ठरवलं होतं. सगळं. हात उगारला ते, कडी घातली ते, माळ्यावरचं.

"एक बोलू का?" नंदिनीच आधी म्हणाली. "कामावर जायला लागले ना, तेव्हा मला तुमची भीती वाटायची. बोलले नाही कधी. तुमचा राग मला ठाऊक आहे. बसमध्ये बसून रोज देवाचा धावा करायचे, की यांच्या हातून काही होऊ देऊ नको." तिने त्याचा हात धरला. "माझंच मन खोटं. कुठल्या बापाने केलं नसेल इतकं केलंत तुम्ही. त्याच्याकडे बघा ना, किती समाधानी आहे पोर."

मंदार तिच्या मांडीवर बसून खाडीकडे बघत होता. "काहीतरीच काय बोलतेस," श्यामसुंदर एवढंच म्हणाला, "आणि हो, शेंगदाणे घेऊ या का?"

६

उन्हाळा सरला, पावसाळा लागला, आणि वरचा आवाज बारीक होत गेला.

आधी रडणं होतं, मग नुसते उसासे झाले. मग दिवसातून कधीतरी लाकडावर नखं ओढल्यासारखं काहीतरी. खरं तर त्याला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण बारीक होत जाणारा आवाज मोठ्या आवाजापेक्षा वाईट. मोठा असताना निदान रेडिओने झाकता यायचा. आता तो जेवताना घास हातात धरून ऐकत बसायचा, अजून आहे का, अजून आहे का? आणि नसला की घास परत ताटात ठेवायचा. आपण नेमकं कशाची वाट बघतोय, हे त्याला कळत होतं. कळत होतं म्हणून तर आरशात बघून दाढी करणं त्याला जड जायचं.

एका सकाळी राहवेना. त्याने वाटीत कोमट दूध घेतलं, साखर घातली, बोटाने ढवळलं. मंदारला पाळण्यात ठेवून बाहेरून हॉलचं दार ओढलं. स्टुलावर चढला, तोंड फिरवून माळ्याचं दार बोटभर उघडलं, वाटी आत सरकवली आणि दार लावलं. आतून आंबूस वास आला, पाजलेल्या बाळाच्या मानेला येतो तो. तो उतरून न्हाणीघरात गेला आणि नळ सोडून बराच वेळ नुसता उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी वाटी रिकामी होती. चाटूनपुसून स्वच्छ.

मांजर, तो म्हणाला. बाल्कनीतून मांजरं येतात, सगळ्यांकडे येतात. बंद दाराचा माळा मांजराने उघडला कसा, आणि परत लावला कसा, याचंही उत्तर त्याने शोधलं. खिट्टी सैल आहे म्हणे. त्याने खिट्टीला हात लावून पाहिला नाही.

वाटी हातात घेऊन तो बोळात उभा होता आणि मंदार त्याच्याकडे बघत होता. पाळण्यातून उतरून आला होता. कसा, ते देव जाणे. तो बोळात आला, बरोबर माळ्याखाली भिंतीला पाठ टेकून बसला आणि बापाकडे बघत राहिला. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर श्यामसुंदरला सोपं गेलं असतं. मंदार घाबरला होता. त्याचा खालचा ओठ थरथरत होता. कधी नव्हे तो. जो कधी रडला नाही तो आता रडेल की काय, असं वाटलं.

"नाही रे राजा," श्यामसुंदर खाली बसत म्हणाला. "तुला कुठे सोडतोय मी?"

त्या दिवसापासून त्याने वर दूध ठेवलं नाही.

७

पहिला वाढदिवस श्रावणात आला. सासूबाई साताऱ्याहून आल्या. दमयंतीबाई खाडीतली ताजी कोलंबी देऊ का विचारत होती, श्रावण आठवून तिने जीभ चावली. मग नारळ देऊन गेली आणि संध्याकाळी नवं लुगडं नेसून परत आली. रावसाहेब खोक्यातला केक घेऊन आले. दारावर पताका लागल्या. पाऊस उघडून पिवळं ऊन पडलं होतं. नंदिनीने मंदारला झबलं-टोपडं घातलं आणि पाटावर बसवलं. पाट करकरला. सगळे हसले.

"बाळसं बघा कसं!" सासूबाई निरांजन लावत म्हणाल्या. "बरं, थोरला कुठाय? त्याच्याही कपाळी कुंकू लावू या. दोघांचं मिळून ओवाळू."

"माळ्यावर ठेवलाय म्हणाले होते हे," नंदिनी म्हणाली. "अहो, काढा ना जरा."

श्यामसुंदर जागचा हलला नाही.

"काढा की जावईबापू. तबक किती वेळ धरून उभी राहू?"

आज तरी, त्याच्या मनात आलं. आज घर भरलेलं आहे, उजेड आहे, माणसं आहेत. वरवंटा निघाला तर इतक्या महिन्यांची मानगुटीवरची पीडा गेली. आणि दुसरं काही निघालं तर, तर धावपळ करायला इतकी माणसं आहेत. डॉक्टर आहे. अजून वेळ आहे. काढायचंच. या विचाराने त्याला एकदम इतकं हलकं वाटलं, की स्टुलावर चढताना तो जवळजवळ हसत होता.

दारं उघडली. तोच आंबूस वास. सुटकेस बाजूला केली. कुंचीतलं गाठोडं मागच्या भिंतीशी होतं, तोंड भिंतीकडे. जर काळी पडलेली. त्याने हात आत घातला. ज्याला इतके महिने तो वरवंटा म्हणत आला होता, ते कापडाखाली मऊ लागलं आणि तापलेलं होतं, ताप चढल्यासारखं. हाडं हाताला लागली. आणि कापडाच्या घडीतून काहीतरी बाहेर आलं आणि त्याच्या बोटाभोवती मिटलं. ओलसर, इवलंसं. त्यात जोर असा नव्हताच.

"मंदार," तो पुटपुटला.

गाठोडं हळूहळू त्याच्याकडे वळायला लागलं.

"बाबा!"

आवाज खालून आला. स्पष्ट, ठणठणीत. हॉलमध्ये एकच कल्ला उठला. "बोलला! अगं बाई, बोलला! बाबा म्हणाला!" श्यामसुंदरने मान वळवली. मंदार पाटावरून उठून, कुणाचा हात न धरता, बोळाच्या तोंडाशी उभा होता. टोपडं कपाळावर घसरलेलं. दोन्ही हात बापाकडे. डोळ्यांत पाणी उभं.

"बाबा," तो पुन्हा म्हणाला. विनवल्यासारखं म्हणाला.

त्याच्या मागे नंदिनी होती. तोंडावर दोन्ही हात, डोळ्यांतून धारा, इतकी सुखात त्याने तिला लग्नातही पाहिली नव्हती.

बोट सोडवायला जोर लागला नाही. आतल्या चिमुकल्या बोटांनी धरायचा प्रयत्न केला, एवढंच. श्यामसुंदरने सुटकेस पुन्हा मागे ढकलली, अगदी भिंतीपर्यंत, आणि ती कशाला तरी टेकली तेव्हा आणखी थोडी ढकलली. दारं लावली. खिट्टी घातली. खिट्टी घट्ट होती.

"सापडत नाहीये," तो खाली उतरून म्हणाला. "आलो, आलो रे माझ्या बाळा."

त्याने पोराला उचलून घेतलं. सासूबाई म्हणाल्या, राहू दे मग, एकट्यालाच ओवाळू. श्यामसुंदर पाटावर बसला, मंदार मांडीवर. सुपारी, अंगठी, अक्षता. निरांजन समोरून फिरायला लागलं तसे सगळे गप्प झाले. त्या शांततेत बोळातून आवाज आला. ठक. मग थोडं थांबून, ठक, ठक. लाकडावर, आतल्या बाजूने.

श्यामसुंदर निरांजनाच्या ज्योतीकडे बघत राहिला. आपल्यालाच येतोय, म्हणाला. आपल्यालाच.

"अहो," नंदिनी म्हणाली, "माळ्यावर काय वाजतंय?"

"मना पन आला आवाज," दमयंतीबाई म्हणाली. रावसाहेबांनीही वर पाहिलं. सासूबाईंच्या हातातलं तबक थांबलं. सगळे माना वर करून बोळाकडे बघत होते, आणि पुन्हा वाजलं, आधीपेक्षा हळू. मंदारने दोन्ही हातांनी बापाच्या मानेला मिठी घातली आणि गार गाल त्याच्या गालाला घट्ट लावला.

"उंदीर असतील," श्यामसुंदर म्हणाला. "उद्या औषध आणून टाकतो."